संपादकाविषयी थोडेसे

या अंकाचं शेवटचं पान कोरं राहिलं.
नंदुरबारच्या गावितसरांनी कळवलंय :
बावीस वर्षं आमच्या नोंदी तपासताय,
एकदा स्वतःविषयीही लिहा.

तर, रघुवीर पालशेतकर, मुक्काम दाभोळ.
दिवसा फेरीबोटीवर तिकिटं फाडतो.
माणूस, मोटारसायकल, बकरी, बर्फाचा टेम्पो,
सगळ्यांचे दर तोंडपाठ.
समोर धोपाव्याचा काठ, पाऊण विडी लांब.
रात्री याहून बराच लांब जातो,
खुर्चीतून न उठता.

एरियल म्हणजे सत्तर फूट तांब्याची तार,
माडापासून सुरूपर्यंत.
वासंती तिच्यावर बोंबील वाळत घालते.
बोंबील ओले असले की मस्कत दबकं येतं.
हे मी एकदा छापलं.
परभणीहून एका पोराचं कार्ड आलं :
बोंबील एकूण किती? तारेच्या कुठल्या टोकाला?
त्या दिवसापासून अंक
त्या एकट्यासाठी काढतो म्हटलं तरी चालेल.

इतर आवडी :
ओहोटीला तिसऱ्या काढणं,
शब्दकोडी (आधी उभे शब्द),
लोकांची घड्याळं बरोबर लावून देणं.
नावड एकच. 'बहुतेक' हा शब्द.

'बहुतेक कोरियाच असावं' असं कुणी लिहिलं
की माझी लाल पेन्सिल बाहेर येते.
ऐकलं ते लिहा.
ऐकावंसं वाटलं ते नको.
यावरून मिरजेच्या आपटेबाईंनी वर्गणी बंद केली,
दोन वर्षांनी पुन्हा पाठवली,
सोबत एकच नोंद, सेकंदासकट.

सेट इक्बाल चोगलेचा. म्हणजे त्यानं दिलेला.
चौऱ्याऐंशीला कुवेतहून आणला, टॉवेलात गुंडाळून.
तिसऱ्या पगारातून. पहिले दोन देणेकऱ्यांनी नेले.
म्हणाला, तू इथं बसून ऐक,
मी तिथं काय करतो ते.

नव्वदच्या ऑगस्टात तिथून काहीच येईना.
पत्र नाही, तार नाही.
सेटमध्ये नुसती खरखर,
खडीवर कुणी होडी ओढत न्यावी तशी.
चौथ्या रात्री हलिमाबी दारात येऊन उभी राहिली.
गावात वीज नव्हती.
'काय ऐकलंस?'
मी सेटला कान लावला, हात वर केला,
थांब, अशी खूण केली.
मग निवेदकाच्या आवाजात, एकेक अक्षर सुटं करत :
चोगले, दाभोळ, सुखरूप.
कुठलं स्टेशन, असं तिनं विचारलं नाही.
थोड्या वेळानं तिच्या परसातून
भाकरी भाजल्याचा वास आला.

इक्बाल ऑक्टोबरात पोचला, अम्मानवरून,
कुणाच्या तरी चपला घालून.
त्याच्या येण्यानं माझी नोंद खरी ठरत नाही.
हे मला कळतं, म्हणून तर पेन्सिल लाल ठेवली.

एकोणीस वर्षांनी, दापोलीच्या इस्पितळात,
हलिमाबीनं माझं मनगट धरलं.
'रघू, त्या राती सेट बंदच होता ना रे?
वर तो तांबडा दिवा लागतो,
तो लागला नव्हता.'
मी म्हटलं, बहुतेक.
ती इतकी हसली की नर्स धावत आली.

आता स्टेशनं एकेक करून मिटतायत.
बंद झालेल्यांची यादी पान तीनवर देतो,
हल्ली पान चारवरही जाते.
वासंती म्हणते, मग ऐकतोस काय?
मी म्हणतो, ती जागा.
ती म्हणते, पाऊस येतोय, बोंबील काढ.

शुद्धिपत्र :
ऑगस्ट १९९०, रात्री नऊ वाजून वीस मिनिटे.
ठिकाण दाभोळ. सेट बंद.
ऐकू आले : बाहेर उभ्या बाईचा श्वास.
बाकी मजकूर संपादकाचा.

झेरॉक्स काढायला इक्बालच चिपळूणला जातो,
त्रेचाळीस प्रती.
एसटीत वाचेल.

पुढील अंकाच्या नोंदी पंधरा तारखेच्या आत पाठवाव्यात.
वेळ भारतीय लिहावी.
शाई कुठलीही चालेल, लाल सोडून.